मित्रासाहेबांची मुलगी

यज्ञेश्वर गायधनींच्या गालाला दाढी करताना ब्लेड लागलं, ते एका जीपमुळे. खिडकीतून कॉलनीच्या तोंडाशी असलेली कौलाची मराठी शाळा दिसायची. त्या शाळेच्या दारात सरकारी जीप थांबली आणि आतून एक मुलगी उतरली. अंगात चुण्यांवर भरतकाम केलेला स्मॉकिंगचा फ्रॉक, पायात पांढरे मोजे. मुलगी शाळेत शिरली, जीप धूळ उडवत निघून गेली.

"अहो, रक्त येतंय," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"येऊ दे. अगं, नव्या साहेबांची मुलगी कौलाच्या शाळेत जाते."

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. कॉलनीत सायकली होत्या, फार तर एखादी लूना. जीपमधून उतरेल तो साहेब किंवा साहेबाचं कुणीतरी, हे नाशकात लहान पोरालाही कळायचं. नवे साहेब नुकतेच बदलून आले होते. ते कुठल्या खात्याचे हे कॉलनीत कुणालाच सांगता येत नव्हतं, पण हुद्दा फार मोठा यावर सगळ्यांचं एकमत होतं.

आता गायधनींचं दुखणं सांगायला हवं. गेल्या जूनमध्ये त्यांनी गोदाला, म्हणजे आपल्या एकुलत्या एक मुलीला, याच कौलाच्या शाळेतून काढून इंग्रजी 'लिटल लॉर्ड्स'मध्ये घातलं होतं. कारण काय, तर कौलाच्या शाळेत मळ्यातली आणि झोपड्यांतली पोरं येतात. लिटल लॉर्ड्समध्ये मराठी बोललं की उभं करत. गोदाला इंग्रजी येईना आणि मराठी चालेना, तेव्हा पोरीनं बोलणंच सोडून दिलं. घरीसुद्धा भाकरी हवी तर बोट दाखवायची. शेजाऱ्यांपुढे गायधनी याला शिस्त म्हणत, पण मनातून पार खचले होते. पोर मुकी होते की काय या धास्तीनं त्यांना जेवण जात नव्हतं. शाळेतून नाव काढावं, तर लोक म्हणणार फी झेपली नाही. विमा कचेरीतल्या माणसाला दुसरं काहीही सोसवेल, हे नाही.

अशा वेळी ही जीप आली. गायधनींनी कापूस लावला आणि तडक शेजारच्या ढुंढिराजपंतांकडे गेले.

"कुणाला बोलू नका हं, पण मोठ्या लोकांत आता मातृभाषेचं आहे. साहेबांनी स्वतःची मुलगी कौलाच्या शाळेत घातलीय. मीही गोदाला परत आणतोय."

"छे, छे, मी कशाला बोलतोय," ढुंढिराजपंत म्हणाले आणि चपला घालायला लागले.

दिवाळीपर्यंत कॉलनीतली सगळी मुलं लिटल लॉर्ड्समधून निघून कौलाच्या शाळेत आली. जे निवृत्ती गुरुजी पटासाठी दारोदार फिरत, ते आता पालकांना विचारू लागले, "मुलाला पाढे येतात का? नाही, म्हणजे इथं जागा कमी आहेत." पालकांनी बाकं आणली, पंखा आणला, एक कमिटी केली आणि तिचे अध्यक्ष गायधनी झाले. पहिली बाकं कमिटीच्या मुलांना मिळाली. जुनी पोरं मागं सरकली, आणि मागं जागा संपल्यावर व्हरांड्यात.

आणि गोदा बोलू लागली. नुसती बोलू नाही, तर बडबडू लागली. मधल्या सुट्टीत तिला मैत्रीण मिळाली होती, तीच जीपमधली. नाव मित्रा.

"मित्रा," सरोजिनीबाईंनी नाव दोनदा म्हणून पाहिलं. "बंगाली दिसतात साहेब."

"आई, मित्राला बोंबील फार आवडतात."

"बघा, बंगालीच."

मग एका शनिवारी मित्रा घरी आली. सरोजिनीबाईंनी ठेवणीतलं चांदीचं ताट काढलं आणि तिला साखरभात वाढला. मित्रानं बोटं चाटत सांगितलं, "काकू, लय भारी झालाय."

ती गेल्यावर सरोजिनीबाई किती वेळ कौतुक करत होत्या. "बंगाली असून काय मोकळं मराठी बोलते हो. 'लय'सुद्धा म्हणते."

"मोठ्या घरचे संस्कार," गायधनी म्हणाले.

"पण आई, तिला व्हरांड्यात बसवतात," गोदा म्हणाली.

"हवेशीर जागा दिली असेल. साहेबांची मुलगी आहे, तिला कोंदट वर्गात कशी बसवतील?"

जानेवारीत गॅदरिंग आलं. मित्रासाहेबांना अध्यक्ष करायचं असं कमिटीनं ठरवलं आणि आमंत्रणाचं काम अर्थातच गायधनींकडे आलं. त्यांनी धोतराऐवजी लग्नातला सूट घातला, सकाळीच शाळेच्या दारात उभे राहिले आणि जीप थांबताच पुढे झाले. आत फक्त ड्रायव्हर होता, काळासावळा, तरतरीत, खाकी कपड्यातला.

"मित्रासाहेबांना भेटायचं होतं."

"कोन मित्रासाहेब?"

"तुमचे साहेब. मित्राचे वडील."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "मित्राचा बाप मीच. जयराम म्हनत्यात मला. संघमित्रा नाव हाय तिचं, घरी मित्रा म्हनतो. साहेबांची मुलगी पाचगणीला असती. तिचे जुने फ्रॉक बाईसाहेब देत्यात. साहेबांना आनायला जाताना पोरीला वाटंत सोडतो, येवढंच. का, काय झालं?"

 गायधनींना साखरभात आठवला, चांदीचं ताट आठवलं, कमिटी आठवली. "काही नाही," ते कसंबसं म्हणाले.

"पन आज शेवटचा दिवस बघा. नाव काढतोय तिचं. तुमची मोठ्या लोकांची पोरं आली, आन् माझी पोर व्हरांड्यात गेली. उन्हाचं डोकं दुखतं तिचं." जयराम रागानं नाही, सरळ सांगत होता. "त्या लिटल लार्डच्या मोठ्या बाई परवा गाडीपाशी आल्या. मलाच म्हनल्या, साहेब, मुलीला आमच्याकडं घाला, फीचं मागनं बघू. त्यांच्याकडं जागाच जागा झाल्यात. म्या म्हनलं, घालतो."

घरी येऊन गायधनींनी बायकोला सगळं सांगितलं. सरोजिनीबाईंनी फडताळातल्या चांदीच्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घासून ठेवलंय मी ते. आणि हे बाहेर कुणाला सांगू नका. सुरुवात तुम्ही केलीत."

सांगायची गरजच पडली नाही. दोन दिवसांनी ढुंढिराजपंत धापा टाकत आले. "गायधनी, आतली बातमी आहे. मित्रासाहेबांनी मुलगी लिटल लॉर्ड्सला हलवली. जीप तिथं थांबते, मी डोळ्यांनी पाहिली. मी आत्ताच आमच्या दोघा मुलांची नावं घालून आलो. तुम्ही अध्यक्ष, तुम्हाला आधीच माहीत असणार."

खरं सांगून टाकायला गायधनींनी तोंड उघडलं, पण त्यातून वेगळंच बाहेर पडलं. "हो, कालच कळलं."

आठवड्यात कौलाच्या शाळेतली पुढची बाकं मोकळी झाली. व्हरांड्यातली पोरं आत येऊन पंख्याखाली बसली. निवृत्ती गुरुजी पुन्हा दारोदार फिरू लागले. गायधनींनी मात्र ठरवलं, आता पळापळ बास, गोदा इथंच राहील. चांगली शाळा आहे, पंखा आहे.

पण मित्रा गेली त्या दिवसापासून गोदा गप्प झाली होती. आठव्या दिवशी तिनं भाकरीकडे पुन्हा बोट दाखवलं. पोरगी बोलत होती ती शाळेमुळे नव्हे, त्या ड्रायव्हरच्या मुलीमुळे, हे गायधनींना तेव्हा कळलं. ते ताटावरून उठले आणि लिटल लॉर्ड्समध्ये गेले.

मोठ्या बाई गोड हसल्या. "सॉरी, मिस्टर गायधनी. एकही जागा नाही. तुमची सगळी कॉलनी आली ना. आता मित्रासाहेबांनी शब्द टाकला तरच काही होईल. त्यांच्या मुलीला आम्ही अगदी पहिल्या बाकावर बसवलंय."

"पण बाई, ते मित्रासाहेब म्हणजे..." एवढं बोलून गायधनी थांबले. खरं सांगितलं तर मित्रा पुन्हा व्हरांड्यात जाणार, आणि गोदा होती तिथंच राहणार. हात जोडून ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिटल लॉर्ड्सच्या अलीकडे, कोपऱ्यावर उभे राहिले. गोदाचा हात त्यांनी घट्ट धरला होता. जीप वळली तसा त्यांनी हात केला. आतून मित्रा ओरडली, "गोदे", आणि गोदानं आठ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडून तिला हाक मारली.

गायधनींनी मागंपुढं पाहिलं. ढुंढिराजपंत मुलांना घेऊन समोरूनच येत होते. गायधनींनी हात जोडले.

"नमस्कार, मित्रासाहेब," ते म्हणाले.

जयरामनं त्यांच्याकडं बघितलं, मग समोरून येणाऱ्या ढुंढिराजपंतांकडं, मग शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडं. शहाणा माणूस होता, त्याला सगळं समजलं.

"चालत जाऊन जागा काय मागता, काका?" तो हळूच म्हणाला आणि मागचं फळकं उघडलं. "पोरीला घ्या आन् बसा मागं. गाडीतनं उतरलं की जागा निघती."