चाकाचं दुखणं ऐकणारे दिलावरमामा

समस्त चारचाकीधारकांना गंभीरपणे कळवण्यात येते की, उंब्रजचे दिलावरमामा गाडीत असताना बोलणे, खोकणे, शेंगा फोडणे आणि शक्य झाल्यास श्वास घेणेसुद्धा बंद ठेवावे. चाक ऐकण्याचे काम चालू असते.

होय, चाक ऐकण्याचे! मामांचं गॅरेज सर्व्हिस रोडला. गाडी 'घूंऽऽ' करते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मामा बॉनेटकडं बघतसुद्धा नाहीत. चपला बाहेर काढतात, मागच्या सीटवर मांडी घालून बसतात आणि डोळे मिटतात. "साठला घे. न्यूट्रल कर. आता डावीकडं झोक दे... आता उजवीकडं." गाडी नागमोडी निघते. एकदा मी अशीच चालवत होतो, तर टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय मास्तर, सकाळी सकाळीच?" मी शाळामास्तर माणूस. पण खुलासा करणार कसा? बोलायला बंदी!

माझ्या मेहुण्यानं या घूं-घूंपायी साताऱ्यात चारी टायर नवे घातले होते. आवाज जागच्या जागी. मामांनी दोन झोक ऐकले.

"टायर असता तर रस्ता बदलल्यावर सूर बदलला असता. ह्यो डांबरावर बी त्योच, काँक्रिटवर बी त्योच. उजवीकडं वळलं की भार डावीकडं येतो, आन् तवाच ह्यो कण्हतो. किन्नर साईडचं मागचं बेरिंग."

किन्नर म्हणजे क्लीनर. तो बसतो ती डावी बाजू. गाडी जॅकवर चढवली. मामांनी चाक हातानं फिरवलं आणि माझा तळवा चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला. आत कुणीतरी वाळू दळत बसलं होतं! मी हात जोडले. मेहुणा नव्या टायरांकडं बघत राहिला.

या साधनेत बळी गेला तो हाजरामामींच्या बोलण्याचा. लग्नाच्या नव्या नवलाईत एका वळणावर त्या एवढंच म्हणाल्या, "ऊस बघा केवढा वाढलाय!" मामांनी गाडी थांबवली. "उतर. नीट बघून घे. मग ये." तेव्हापासून तीस वर्षं मामी माहेरी, कुंडलला, एसटीनं जातात. मागून मामा गाडीनं.

गेल्या वर्षी मामींच्या गळ्यात गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं की जीवाला धोका नाही. आवाज मात्र राहील की जाईल, सांगता येत नाही.

जायच्या दिवशी मामा स्टेअरिंगला हातच लावेनात. मी माझी गाडी काढली. दोघं मागं बसले. सवयीनं मी ओठ शिवून घेतले. कराड मागं पडलं, तरी मामी खिडकीबाहेर बघत गप्पच.

"बोल की गं," मामा म्हणाले.

मामी दचकल्या. "काय बोलू?"

"कायबी. भावजयीला शिव्या घाल."

मामींनी आरशातून माझ्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि सुरू झाल्या. भावजयीनं लपवलेलं तूप, तिच्या बहिणीचं नाक, शेजारणीनं नेऊन परत न दिलेली पुरणपात्राची जाळी... तीस वर्षांचा साठा होता तो! आणि मामा डोळे मिटून, मामींकडं कलून, "मग?... फुडं?... आसं म्हणाली व्हय ती?" मी थक्क. उभ्या जिल्ह्याच्या गाड्या ज्या कानापुढं थरथरतात, तो कान आज तुपाच्या बरणीत बुडाला होता.

पलूस ओलांडलं आणि माझ्याच गाडीत घूंऽऽ सुरू झाला. वळणावर वाढला. इतका की माझ्यासारख्याला कळला. मी आरशात बघितलं. मामांची पापणी हलली नाही. मी मुद्दाम हलकासा झोक दिला.

"मास्तर, नीट चालवा," मामा डोळे न उघडता म्हणाले. "तिचं ऐकू द्या."

मामी मात्र अर्ध्या वाक्यात थांबल्या. मान तिरकी केली, क्षणभर कान दिला आणि गाडी दणाणेल अशा आवाजात म्हणाल्या,

"आवं, पुढलं बेरिंग रडतंय तिकडं, आन् तुमी माझं काय ऐकत बसलाय!"