आधीचं झालं तर पुढचं

अप्पा स्वामींची आंघोळ झाली नाही, तर त्या दिवशी आमच्या कार्यालयाला कॉम्प्युटर ऑपरेटर नसे. त्यांचा नियमच तसा होता. आंघोळ झाली तर पूजा, पूजा झाली तर भाकर, भाकर झाली तर ऑफिस. आणि दुष्काळ असा पडलेला, की लातुरात नळ पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नव्हता.

"आंघोळ फेल गेली, शेखभाई," ते फोनवर शांतपणे सांगायचे.

"अहो, तोंडावर पाणी मारा अन् या!"

"तसं न्हाई जमत. साखळी हाय ती."

मग कुणा शेजाऱ्याला दया येऊन बादलीभर पाणी मिळालं, की अप्पा अकराला विभूती लावून हजर व्हायचे.

मी पाणीटंचाईच्या शाखेत कारकून. अप्पा कंत्राटी. कॉम्प्युटर ते पन्नाशीत शिकले, आणि असे शिकले की माणसांशीही कमांडमध्येच बोलायला लागले. ते मूळचे उदगीरचे. उदगीर जिल्हा कधी होणार, असं कुणी छेडलं की म्हणायचे, "वर कुठंतरी एक कमांड अटकून राहिली. ती सुटल्याबिगर पुढचं कसं चालंल?"

त्यांचा खरा अभिमान म्हणजे त्यांची एक ओळ. रोज सकाळी सहाला कॉम्प्युटर आपोआप ती ओळ चालवायचा: टँकरची यादी कर, यादी छाप, गावागावाला मेसेज धाड. मी एकदा विचारलं, तीन कामं तीन वेळेला का नाही लावत? अप्पांना ते फारच लागलं.

"तीनदा कशाला उठवायचं त्येला? एकदाच उठवायचं, सगळं सांगून टाकायचं. मधी डबल अँड. म्हंजे आधीचं धड झालं तरच पुढचं. अर्धविराम टाकला, तर आधीचं बोंबललं तरी गडी पुढं पळतो. अर्धविराम लई उनाड, शेखभाई!"

मेसेज फार मोलाचा होता. टँकर गावात येतो, कोरड्या विहिरीत पाणी सोडतो आणि निघून जातो. त्या वेळी बाया घागरी घेऊन काठावर नसल्या, तर जमीनच ते पाणी पिऊन टाकते.

एका सोमवारी मी सातच्या पाळीला पोचलो, तर फोन खणखणत होता. एका गावचे सरपंच होते. "आज टँकर हाय का न्हाई? मेसेज न्हाई आला. बाया रोजगार हमीवर निघाल्या की!" तो ठेवतोय तोच दुसरा, मग तिसरा. टँकर आठला सुटणार होते. मी धावत जाऊन पाहिलं, प्रिंटरमध्ये कागदच नव्हता. छपाई फेल, आणि तिच्यामागे सगळी गावं अडकलेली.

अप्पांना फोन लावला. "आंघोळ..." त्यांनी सुरुवात केली.

"अप्पा, एकाही गावाला मेसेज गेला नाही!"

फोन बंद झाला. दहाव्या मिनिटाला अप्पा दारात. अंगात बनियन, खाली लुंगी, पायात एक चप्पल त्यांची आणि दुसरी कुणाची ते आजतागायत कळलेलं नाही. आंघोळ नाही, पूजा नाही, भाकर नाही! आमचा शिपाई नकळत उठून उभा राहिला.

"कागद टाकू का?" मी विचारलं.

"कागद गेला खड्ड्यात! गावाला कळायला कागद कशाला लागतो? माझीच अक्कल फेल!" म्हणत त्यांनी छपाई ओळीतून उचलली, पार शेवटी नेऊन टाकली आणि तिच्याआधी चक्क अर्धविराम ठोकला. बटण दाबलं. मेसेज झरझर सुटले. पाच मिनिटांत पहिल्या सरपंचांचा फोन आला, "आला, आला! बाया माघारी फिरल्या!" मी आनंदाच्या भरात शिपायाला मिठी मारली. त्याला ते आवडलं नाही.

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. चष्मा घरी राहिलेला, म्हणून मीच वाचलं: "अहो, डबा घेतला का?" पाठवणारा, आमचाच कॉम्प्युटर. मला हसू आवरेना. "अप्पा, हा तुम्हाला अहो म्हणतो?"

अप्पा हसले नाहीत. "आमची मंडळी इचारायची. रोज, दारातनं."

शांताबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी मातीला गेलो होतो. स्वतःच्या हसण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी पडद्यावर पाहिलं. गावांच्या मेसेजमागे डबल अँड लावून अप्पांनीच तो एक मेसेज स्वतःच्या नंबरासाठी जोडलेला होता.

"अप्पा, इथंही अर्धविराम टाका की. गावांचं काही झालं तरी हा तुम्हाला रोज येईल."

"न्हाई." त्यांनी मान हलवली. "ती बी टँकरच्याच गावची. बायांच्या घागरी रिकाम्या ऱ्हायल्या असत्या, तर तिनं मला डब्याचं इचारलंच नसतं."

मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि अगदी हळू म्हणाले, "न्हाई गं. आज ऱ्हायला."