रेघेवर उभी अक्षरं

कापडगिरणीत दोन साचे, म्हणजे दोन माग, एकट्याने चालवणाऱ्या माणसाला चार अक्षरं काय जड, असं भिवा डिलाईल रोडच्या अख्ख्या चाळीला ऐकवून बसला होता. परीक्षेच्या दिवशी मात्र तो पहाटेपासून चारदा संडासच्या रांगेत उभा राहिला, तेव्हा बायकोने, राधाबाईने, त्याला ओवा चघळायला दिला.

भीती परीक्षेची नव्हती, तात्यांची होती. त्याचे हे थोरले भाऊ खेडहून त्याच्या लेकीला, कांताला, न्यायला आले होते. आठ वर्षांची पोर गावी आपली नातवंडं सांभाळील, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. भिवाने जन्मात कधी त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे, तो बोलून गेला, "आमी बापलेक पास झालो तर कांता हितंच शिकंल." चाळीतल्या साक्षरता वर्गात आईबाप आणि पोरं एकत्र शिकत, परीक्षाही जोडीने देत. एक नापास, तर दोघं नापास.

"बरं," तात्या म्हणाले, आणि परीक्षेला पहिल्या रांगेत येऊन बसले.

तयारी तशी चोख होती. घरात पुस्तक एक, पाटी एक, दिवा एक. रोज दिवेलागणीला कांता पुस्तक पुढ्यात घेऊन बसायची आणि बाप तिच्या समोर. ती अक्षरावर बोट ठेवायची, तो वाचायचा. तो पाटीवर लिहायचा, ती समोरूनच तपासून म्हणायची, "बरोबर, बाबा."

परीक्षक म्हणून ठाकूरद्वारचे रमाकांत मास्तर आले होते. कांताने धडा घडाघडा वाचला. मग मास्तरांनी एक छापील कागद भिवाच्या हातात दिला. "वाचा, सावकाश."

भिवाने कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं! त्याची अक्षरं रेघेवर पाय रोवून उभी असत. ही सगळी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबत होती. तात्या मुद्दाम खाकरले.

"मास्तर," भिवा कसाबसा म्हणाला, "ही मराठी नाय. गुजराती हाय."

झालं! दिवस मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्याचे. नुसतं भाषेचं नाव काढलं तरी ठिणगी पडे. मागून चाळीतला दत्ताराम ताडकन उठला. "गिरणी कामगाराची परीक्षा गुजरातीत?" लगेच घोषणा उसळली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मास्तर "अहो, मराठीच आहे" म्हणत होते, पण ऐकतो कोण? गलका ऐकून नाक्यावरचा पोलीस काठी घेऊन आत शिरला.

भिवा मनातल्या मनात हिशेब करू लागला. मघाशी नुसती पोर जाणार होती, आता नोकरीही जाणार आणि वर तुरुंग.

"कोण म्हणतो गुजराती?" पोलिसाने कागद हिसकावला. "'आमची गाय पांढरी आहे.' मराठी आहे की ही."

सगळे भिवाकडे बघू लागले. तात्या उठले. "चल कांते, पिशवी भर."

कांताने रडत रडत पोलिसाच्या हातून कागद घेतला, जमिनीवर आपल्यापुढे मांडला आणि घरच्यासारखी मांडी घालून बसली. "बाबा, समोर बसा. एकदाच."

भिवा बसला आणि अक्षरं रेघेवर उभी राहिली. तो जो सुटला, तो गाय, वासरू, गोठा सगळं वाचून गेला, थांबेचना. मास्तरांनी त्याच्या बाजूने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे गृहस्थ उलटं वाचायला शिकलेत. लिहितही उलटंच असणार, म्हणून समोरून पोरीला सुलट दिसलं."

"मंग नापास ना?" तात्यांनी विचारलं.

"उलटं वाचलं तर नापास, असा नियम कुठेही नाही. दोघं पास. मात्र आता यांनी पोरीच्या शेजारी बसून पहिल्यापासून शिकायचं. पोर इथेच हवी."

भिवाला सगळ्यांदेखत रडू फुटलं. कांता जात नव्हती.

तात्यांचा विश्वास काही बसला नाही. हे खरंच शिकतात की नुसती सोंगं करतात, ते बघायला त्यांनी मुक्काम वाढवला. रोज बापलेक एका बाजूला बसत आणि तात्या समोर, पुस्तकावर नजर रोखून. त्यांनी जन्मात पुस्तक हाती धरलं नव्हतं. हळूहळू त्यांचे ओठ हलू लागले. एका संध्याकाळी तर कांताच्या आधी अख्खी ओळ वाचून ते छाती फुगवून म्हणाले, "ह्यात काय अवघड हाय? फुडल्या परीक्षेला मीबी बसतो."

खरं सांगायची भिवाची काही छाती झाली नाही. त्याने मुकाट्याने दिवा जरा त्यांच्या बाजूला सरकवला.