चालती गाडी, चालता सभासद

कुठल्याही संस्थेत सुधारणा करायची असेल तर ती माझ्यासारख्या माणसाच्या हाती द्यावी! हे मीच सांगतोय म्हणून तुम्हाला पटणार नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही त्याला माझा इलाज नाही.

संस्था म्हणजे ‘गोलदिवा परिवार’. गोलदिवा ही एक जुनी मोटार. पुढे दोन मोठे गोल दिवे, मागे फुगीर पाठ आणि चेहऱ्यावर कायम कोणीतरी दचकवल्यासारखा भाव. तिचा कारखाना बंद पडून जमाना लोटला. पण ज्यांच्याकडे ती अजून आहे अशा आम्हा वेड्यांचा मोबाइलवर एक गट आहे आणि त्याचा ॲडमिन मी! ज्याचं घरात कोणी ऐकत नाही, त्याचं जिथे ऐकावंच लागतं, ते हे पद.

पण परिवाराची अवस्था काय सांगू? सकाळी फुलांची चित्रं, दुपारी भांडणं, संध्याकाळी भांडणाबद्दल माफी आणि माफीच्या भाषेवरून पुन्हा भांडण! बॉनेटच्या आतल्या बाजूला मूळ रंग राखाडी होता की फिका राखाडी, यावर आमचे वकीलसाहेब आणि हॉर्नसम्राट यांची जुंपली होती ती थांबायलाच तयार नव्हती. हॉर्नसम्राट हे त्यांनी स्वतःच घेतलेलं नाव. एरवी ते बादल्यांचे घाऊक व्यापारी आहेत.

आणि मुख्य दुखणं वेगळंच होतं. कोणाचीही गाडी चालताना कोणीही पाहिली नव्हती! फोटो भरपूर. गाडी झाडाखाली, गाडी पडद्यासमोर, गाडी आणि नातवंडं. सगळ्या गाड्या जागच्या जागी! माझी गाडी मात्र चालत होती. अगदी शपथेवर सांगतो. रोज सकाळी मी ती गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणत असे. गल्लीवाले त्या वेळी खिडक्या लावून घेत, पण तो धुराचा प्रश्न झाला.

म्हणून मी फर्मान काढलं: ‘चालती गाडी, चालता सभासद!’ प्रत्येकाने बॉनेट उघडून, इंजिन सुरू करून व्हिडिओ टाकायचा. मुदत रविवारी दुपारी बाराची. त्याच दिवशी तळ्याकाठच्या मैदानावर परिवाराचा मेळावा ठेवला. बारापर्यंत ज्याचा व्हिडिओ नाही त्याला गट आपोआप बाहेर काढणार. वशिला नको, दयामाया नको, म्हणून तशी यंत्रणाच मी बसवून टाकली. माझा स्वतःचा व्हिडिओ मी शेवटी टाकणार होतो. मेळाव्यात, सर्वांसमोर, टाळ्यांच्या गजरात!

“वा भाऊजी!” मेहुणा म्हणाला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. रविवार सोडून इतर दिवशीही आमच्याकडेच असतो. “म्हणजे आता परिवारात तुम्ही एकटेच उरणार!”

“उरलो तरी बेहत्तर! दर्जा महत्त्वाचा!”

हे सगळं बायको ऐकत होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले खांदे, धरलेल्या पाठी, रुसलेले गुडघे यांना ताळ्यावर आणते. क्लिनिकला जागा नाही म्हणून हे सगळं आमच्या बैठकीच्या खोलीत चालतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर आमटीपेक्षा जास्त वेळ कोणाचा तरी गुडघा असतो.

“अहो,” ती म्हणाली, “मी माणसं चालती करते ती जेवणाच्या टेबलावर. तुमची गाडी गल्लीपलीकडे जात नाही आणि तिला अख्खं गॅरेज!”

“गल्लीपलीकडे जात नाही? कुठेही जाईल! धावेल!”

“मग ठरलं. रविवारी मला तिच्यातून मेळाव्याला न्या. जाऊन-येऊन ती आपल्या चाकांवर घरी आली, तर गॅरेज तिचं. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली, तर सोमवारी माझं सामान आत!”

“ताई, चाकांवर तर ती दोरीने ओढली तरी येईल,” मेहुणा मधेच कडमडला. “इंजिनावर म्हण.”

“इंजिनावर!” बायको म्हणाली.

“मंजूर!” मी म्हणालो. इथे माझ्या जिभेला हाड असतं, तर पुढची कथा झाली नसती.

त्याच संध्याकाळी दंतवैद्य आले. परिवाराचे सगळ्यात जुने सभासद, निवृत्त, अतिशय सज्जन. आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग माझ्या दाढेची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, “ॲडमिनसाहेब, माझी गाडी उत्तम आहे हो. फक्त कार्बोरेटर गेलाय.”

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला भरवणारा भाग. लहान मुलाला भात कालवून भरवावा तसा. तो नसेल तर इंजिन नुसतंच आ वासून बसतं आणि गोलदिव्याचा नवा कार्बोरेटर आता कुठेही मिळत नाही.

“एका संध्याकाळपुरता तुमचा द्या,” दंतवैद्य म्हणाले. “व्हिडिओ काढतो, उद्या परत. गटात कोणाला कळू देऊ नका. तुमच्यासारखा दिलदार ॲडमिन होणे नाही!”

हरभऱ्याच्या झाडावर मी फार चटकन चढतो. वर गेल्यावर हवा छान लागते. मी दोन नट सैल केले, नळी काढली आणि कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. त्याच्या स्क्रूवर मी खुणेसाठी बायकोच्या नखांना लावायच्या गुलाबी रंगाचा एक ठिपका दिला होता. स्क्रू हलला की गाडी खोकते. “ठिपका हलवू नका,” एवढंच मी बजावलं.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांचा व्हिडिओ आला. गाडी धडधडत होती आणि ते बाजूला रुमालाने डोळे टिपत होते. गटात अभिनंदनांचा पाऊस! त्या दिवशी कार्बोरेटर आला नाही, पण मी सबुरी धरली. त्यानंतर वकीलसाहेबांचा व्हिडिओ आला. मग गणिताच्या निवृत्त शिक्षकांचा. मग आणखी कोणाचा. ज्यांच्या गाडीत कोंबडी अंडी घालते अशी वदंता होती, त्यांचीही गाडी धडधडली! मी तर भारावून गेलो. एका फर्मानाने केवढी क्रांती! मी मेहुण्याला बोलावून एकेक व्हिडिओ दाखवू लागलो. बायकोही मागे येऊन उभी राहिली.

“थांबा!” ती एकदम म्हणाली. “हा माझा रंग आहे!”

“कुठला रंग?”

“हा गुलाबी ठिपका! मी घरभर ती बाटली शोधतेय आणि हा वकिलाच्या गाडीत कसा?”

मेहुण्याने पुढचा व्हिडिओ लावला. शिक्षकांच्या गाडीत गुलाबी ठिपका. आणखी पुढचा लावला. कोंबडीवाल्यांच्या गाडीत गुलाबी ठिपका! मेहुण्याने माझ्याकडे बघितलं आणि सोफ्यावर आडवा होऊन हसू लागला.

“भाऊजी, परिवारात एकच गाडी चालतेय. आणि ती तुमची नाही!”

मी दंतवैद्यांना फोन लावला.

“अहो, वकीलसाहेब अगदी रडकुंडीला आले होते,” ते म्हणाले. “एका संध्याकाळपुरता दिला. कोणाला कळू देऊ नका हं!”

वकीलसाहेब म्हणाले, “मी तो शिक्षकांना तात्पुरता हस्तांतरित केला. अर्थात तोंडी.” शिक्षक म्हणाले, “कोंबडीवाल्यांना.” प्रत्येकाने मला गुप्ततेची शपथ घातली आणि प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपलीच गाडी बंद आहे, बाकी सगळ्यांच्या ठणठणीत! एकमेकांचे व्हिडिओ बघून सगळ्यांना इतका चेव चढला होता, की मेळाव्याला गाडी चालवत येण्याचं वचन प्रत्येकाने गटात देऊन टाकलं होतं.

शेवटी माग लागला हॉर्नसम्राटांकडे. तोवर शनिवारची संध्याकाळ झाली होती.

“माझा कार्बोरेटर द्या!” मी ओरडलो.

“उद्या मैदानावर देतो.”

“अहो, मैदानावर यायलाच तो हवाय!”

“मलाही!” हॉर्नसम्राट म्हणाले. “सासरच्या मंडळींना सांगून बसलोय. साहेब, नियम तुमचा आहे. चालती गाडी, चालता सभासद!” आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी मी बायकोसमोर उभा राहिलो. खोटं बोलायची फार इच्छा होती, पण मेहुणा हातात दोरी घेऊन आधीच दारात उभा होता. त्याच्या छोट्याशा नव्या गाडीला आमची गोलदिवा बांधली. बायको माझ्या शेजारी बसली. मी उगाच स्टिअरिंग धरून बसलो.

“हा निकाल नाही बरं का,” मी म्हणालो. “तिथे कार्बोरेटर मिळाला की परत येताना इंजिनावरच आणतो.”

“आणा. परत येतानाचं धरू या,” ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, “अहो, पेशंट लाजतात हो. एक बाई परवा म्हणाल्या, तुमची ताटं बघत कंबर हलवायला संकोच वाटतो. मी काय सांगू त्यांना?”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याकडे बघत नव्हतो, इतकंच. पण गाडीही माझ्या जिवाची होती, आणि दोन्हीकडून जीव तुटायला लागला की माणूस जे करतो तेच मी केलं. काच पुसत बसलो.

मैदानाच्या वळणावर आम्हाला शिक्षकांची गाडी भेटली. पुढे जावई, मधे दोरी. त्यांनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला. दोरीबद्दल कोणीच काही बोललं नाही. मैदानात वकीलसाहेबांची गाडी टेम्पोतून उतरत होती. “रंग खराब होऊ नये म्हणून!” ते लांबूनच ओरडले. कोंबडीवाल्यांची गाडी चार भाचे ढकलत होते. थोड्या वेळाने तिथे अख्खा परिवार जमला आणि प्रत्येकाच्या पाठीमागे हातात दोरीचं भेंडोळं! एवढ्यात धूर काढत, सात प्रकारचे हॉर्न वाजवत हॉर्नसम्राट आले. एकटेच. गाडी चालवत.

मी धावलो. पण माझ्याआधी दंतवैद्य पोचले होते.

“मंडळी!” ते म्हणाले. “आता कशाला लपवायचं? परिवारात कसला दुजाभाव? एकच कार्बोरेटर, सगळ्यांनी एकेक फेरी मारू या!”

टाळ्या पडल्या. मी ओरडत होतो की तो माझा आहे, पण टाळ्यांपुढे माझं कोण ऐकणार? दंतवैद्य कार्बोरेटर काढत आणि बसवत होते. सवयीने दर वेळी इंजिनाला म्हणत, “जरा दुखेल हं!” एकेक गाडी मैदानाला फेरी मारून येत होती. घरची माणसं फोटो काढत होती. वकीलसाहेब आणि हॉर्नसम्राट एकाच गाडीत बसून फिरले आणि उतरले तेव्हा पुन्हा बॉनेटच्या रंगावर भांडत होते, पण हसत!

“आता ॲडमिनसाहेबांची!” दंतवैद्य म्हणाले. बाराला थोडाच अवकाश होता. मेहुण्याने मोबाइल रोखून धरला. बायको बाजूला उभी होती. दंतवैद्यांनी नट पिळला. तो फिरला. आणखी पिळला. आणखी फिरला. फिरतच राहिला!

“आटे गेले,” ते हळूच म्हणाले. “इतक्या वेळा काढलं-घातलं ना.” त्यांनी जरा जोर लावला आणि कार्बोरेटरचा स्क्रूकडचा कोपरा तुटून त्यांच्या तळहातावर आला. गुलाबी ठिपक्यासकट.

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. माझाही. माझ्यावर लिहिलं होतं: ‘आपल्याला गोलदिवा परिवारातून काढण्यात आले आहे. कारण: गाडी चालत नाही.’

माझी यंत्रणा अगदी चोख चालली! सभासदांनी मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग सगळे तळ्याकडे बघू लागले. ॲडमिन गेला की जो सर्वात जास्त बोलतो त्याला गट आपोआप ॲडमिन करतो, हीही सुधारणा माझीच. हॉर्नसम्राटांनी तिथल्या तिथे सभा घेतली आणि चालत्या गाडीचा नियम एकमताने रद्द केला.

“मग मला परत घ्या!” मी म्हणालो.

“अर्ज करा,” हॉर्नसम्राट म्हणाले. “समिती विचार करेल.”

“समितीत कोण आहे?”

“ते समिती ठरवेल.”

परतीला आणखी एक माशी शिंकली. मेहुण्याने दोरी ताणली आणि ती तुटली. बाकीच्यांच्या दोऱ्या त्यांच्याच गाड्यांना लागणार होत्या. तेव्हा परिवाराने मात्र माणुसकी दाखवली. गटात नसलेल्या माणसाच्या गाडीला वकील, शिक्षक, दंतवैद्य, हॉर्नसम्राट, सगळ्यांनी हात लावला. मैदानाचा चढ मोठा होता. मधे मधे कटकन आवाज येत होते. मला वाटलं गाडीचे असतील.

ते पाठींचे होते! सोमवारी सकाळी बायकोचं सामान गॅरेजमध्ये लागलं आणि दुपारी परिवार रांगेत उभा! आता रोज तिथे चार गादीच्या टेबलांवर चार सभासद पालथे पडलेले असतात आणि पालथ्या पालथ्या बॉनेटच्या रंगावर भांडतात. बायको त्यांना एकाच वेळी दम भरते आणि पाय वर उचलायला लावते. गटावर आता कोणी फारसं फिरकत नाही म्हणे. बायको इतकी खूश आहे, की मला तिच्याकडे बघून बरं वाटतं. हे मी तिला सांगितलेलंही आहे.

गाडी फाटकाबाहेर झाडाखाली असते. क्लिनिकची पाटी तिच्या टपावर बांधली आहे.

“भाऊजी, गाडी पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडली!” मेहुणा काल म्हणाला.

मी त्याच्याकडे रागाने वळून बघणार होतो. पण ढकलण्यात माझीही मान धरली आहे, ती वळत नाही. बायकोला दाखवली. तिने रांगेकडे बोट केलं आणि मला पुढल्या मंगळवारची वेळ दिली.