सोहनीकाकांची गणपूर्ती

लिफ्टमध्ये पाच माणसं जमली की आमचे सोहनीकाका अस्वस्थ होत. "गणपूर्ती झालीय," असं ते पुटपुटत आणि तेवढ्या प्रवासात एखादा ठराव मांडायचा मोह त्यांना होई. एकदा तो त्यांना आवरला नाही. तळमजला येईपर्यंत मी सूचक झालो होतो, वरच्या मजल्यावरचा थॉमस अनुमोदक झाला होता, आणि एसीचं गळणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायचं हे एकमताने मंजूर झालं होतं. संध्याकाळी काका माझ्या दारात हजर. चेहरा पडलेला.

"घोळ झाला हो. पाचवा माणूस पाण्याच्या बाटल्या पोचवायला आला होता. तो सभासद नाही. ठराव रद्द."

"अहो काका, बादल्या लावल्यासुद्धा."

"बादल्या राहू देत. ठराव शुक्रवारी पुन्हा घेऊ."

कुवेतमधल्या अबू हलीफात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत आमची इमारत. तिच्या मागे एक मोकळा पट्टा आहे. दोन खजूर, थोडी झुडपं आणि मधोमध एक थोराड सिदर. सिदर म्हणजे आपल्या बोरीची इथली बहीण. पानं तशीच, काटे तसेच, फळाला इथले लोक कनार म्हणतात. नवीन आलेला मराठी माणूस ते झाड बघतो, एक फळ तोंडात टाकतो आणि दुसरं तोडायला हात वर करतो. या पट्ट्याच्या रक्षणासाठी सोहनीकाकांनी 'वृक्ष संवर्धन समिती' काढली होती. जागा मालकाची, झाडं मालकाची, आम्ही भाडेकरू. समितीला अधिकार काडीचा नव्हता. घटना मात्र होती.

त्या घटनेप्रमाणे दर शुक्रवारी सकाळी काकांच्या फ्लॅटवर सभा भरे. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा. दोघं एकदम बोलले तर काका चमच्याने पेला वाजवत. विषय सोडून कोणी क्रिकेटवर गेला, की "सन्माननीय सभासदांनी झाडावर यावं" असं बजावत. वर्षातून एकदा अध्यक्षपदाची निवडणूक. उमेदवार एकटे काकाच, तरी मतदान गुप्त. चिठ्ठ्या मोजताना ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहत. दर वेळी एक मत त्यांच्या विरोधात पडे. ते त्यांचं स्वतःचंच असे. स्वतःला मत देणं त्यांना बरं दिसत नसे.

आम्ही हसायचो, पण जायचो. एक तर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी करायला दुसरं काही नसतं. शिवाय काका चहा उत्तम करत.

हसू आटलं ते खालच्या मजल्यावरच्या शिर्क्यांनी नवी गाडी घेतली तेव्हापासून. शिर्के मूळचे चिपळूणचे, कंत्राटी कामांवर सुपरवायझर, बोलणं रोखठोक. इमारतीला सावलीचं पार्किंग नाही. उन्हाळ्यात इथं गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो, आणि शिर्क्यांना रोज भरदुपारी साइटवर निघावं लागे. मालक मागच्या पट्ट्यात पत्र्याच्या शेड टाकणार असं कळल्यावर त्यांना आनंद झाला, त्यात चूक काहीच नव्हती.

एका सकाळी सिदरच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली दिसली. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराची माणसं करवत घेऊन आली.

काका तेव्हा रात्रपाळी करून परतत होते. हातात डबा, डोळे लाल. ते सरळ जाऊन झाडाला पाठ लावून उभे राहिले.

"अभी नहीं काट सकते," ते म्हणाले. "मामला कमिटी के सामने है."

करवतवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबासारखा दिसणारा माणूस कमिटीचं नाव घेतोय म्हणजे बलदियाची, नगरपालिकेची, भानगड असणार, असं त्यांना वाटलं असावं. ते निघून गेले. मी गॅलरीतून हे पाहत होतो. हसावं की घाबरावं, मला कळेना.

घाबरायला फार वेळ लागला नाही. दोन दिवसांनी इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार महमूद, जिन्यात मला गाठून हळू आवाजात म्हणाला, "अबू नासर पूछता है. बिल्डिंग में लजना बनाया? कौन बनाया?"

लजना म्हणजे समिती. अबू नासर म्हणजे आमचे मालक. महमूदने तो शब्द असा उच्चारला, की आमची शुक्रवारची चहापाण्याची टोळी मला एकदम काहीतरी भयंकर वाटू लागली. इथं आपला मुक्काम इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर असतो. नोकरी आहे तोवर इकामा, इकामा आहे तोवर घर. परवानगीशिवाय माणसं जमवून मंडळ चालवलं असं कोणी वर कळवलं तर काय होईल, हे आमच्यापैकी कोणालाच नक्की माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून भीती जास्त.

मानसी, माझी बायको, ऐकून म्हणाली, "तू जाऊ नकोस या शुक्रवारी."

"काका एकटे पडतील."

"आणि आपण? मुलीची शाळा आहे इथे."

तरी मी गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. मानसीही मागोमाग आली आणि माझ्या शेजारी बसली. थॉमस दाराजवळ बसला, चपला पायातच. काकांनी माणसं मोजली. गणपूर्ती होती. नेहमी या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, ते आज आलं नाही.

शिर्के उभेच राहिले. हात वर करून, नियमाप्रमाणे.

"माझा ठराव आहे. समिती बरखास्त करा. आणि झाड तोडायला आपली हरकत नाही, असं मालकाला महमूदकरवी कळवा. आजच."

"कारणं?" काकांनी विचारलं.

"कारणं काय विचारता? तुम्ही कुणाच्या जिवावर कंत्राटदाराला अडवलंत? कमिटी म्हणालात. कमिटी म्हणजे आम्ही. उद्या मालकाने आम्हाला घराबाहेर काढलं तर ही बोरं खाऊन राहायचं?"

"झाडावर होल्याचं घरटं आहे, शिर्के. पिल्लं आहेत."

"मलाही आहेत पिल्लं! चिपळुणात! माझ्या पगारावर!"

कोणी पेला वाजवला नाही. थॉमस खाली मान घालून बसला होता. काका म्हणाले, "ठराव मतास टाकतो. बाजूने?"

हात वर गेले. विरोधात? माझा हात वर जायला फार जड गेला. मानसीने तो जाताना पाहिला आणि मग स्वतःचाही वर केला. मतं समसमान झाली. थॉमसने कुठेच हात केला नाही.

"निर्णायक मत अध्यक्षाचं," काका म्हणाले.

आणि दाराची घंटा वाजली.

थॉमसने दार उघडलं. बाहेर महमूद, आणि त्याच्यामागे पांढऱ्या दिशदाशातले, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातले, उंच, साठीचे अबू नासर. ते आत आले. गोल मांडलेल्या खुर्च्यांवरून त्यांची नजर फिरली. शिर्के अजून उभेच होते. या पिढीतल्या काही कुवेतींना हिंदी येते तशी यांनाही येत होती. ती न आलेली परवडली असती.

"लजना ये है?" त्यांनी विचारलं. "मुदीर कौन?"

मुदीर म्हणजे प्रमुख. मानसीने माझं मनगट पकडलं होतं. मी काकांकडे पाहिलं. आता हे अध्यक्ष म्हणून उभे राहणार, घटना सांगणार, आणि पाहुण्यांनी विषय संपेपर्यंत थांबावं असंही म्हणणार, याची मला धास्ती वाटली. या माणसाने गेल्या कित्येक वर्षांत नियम वाकवलेला मी पाहिला नव्हता.

काका उठले.

"कोई लजना नहीं है," ते म्हणाले. "ये सब मेरे मेहमान हैं. चाय पीने आते हैं. पेड़ की बात मैंने की थी. अकेले मैंने. इनको कुछ मालूम नहीं."

शिर्के सावकाश खाली बसले.

अबू नासरनी काकांकडे बराच वेळ पाहिलं. मग बोटाने खूण केली. दोघं खाली गेले. मागोमाग महमूदही.

आम्ही सगळे खिडकीला चिकटलो. खाली सिदरच्या सावलीत दोघं उभे होते. मालकाचे हात जोरजोरात हलत होते. काकांचे दोन्ही हात बाजूला सरळ. मग काकांनी खिशातून सिव्हिल आयडी, इथलं ओळखपत्र, काढून त्यांच्या हातात दिला.

थॉमस म्हणाला, "वो कार्ड ले लिया!"

"मी जातो खाली," मी म्हणालो. या वेळी मानसीने अडवलं नाही. दारात पाहतो तर शिर्के माझ्या आधी चपला घालत होते.

"चला," ते म्हणाले. "एकट्याने काय बोलतायत तिथं. माणूस सरळ आहे तो."

आम्ही पोचलो तेव्हा अबू नासर ते कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते. आम्हाला पाहून त्यांनी ते परत दिलं. त्यांचा राग झाडावर नव्हताच, ते तिथं कळलं.

"आज पेड़," ते म्हणाले. "कल किराया. परसों लिफ्ट. मेरे को मालूम है. लजना ऐसे ही शुरू होता है."

"किराये की बात कभी नहीं हुई," शिर्के एकदम म्हणाले. "मैं हर मीटिंग में था. मैं तो पेड़ काटो बोल रहा था!"

मीटिंग हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. काकांनी डोळे मिटले. अबू नासर मात्र पहिल्यांदाच हसले. मग वर पाहिलं. फांद्यांत होला आत शिरला होता आणि पिल्लांचा बारीक गलका चालला होता.

"ये रहेगा," ते झाडाला हात लावत म्हणाले. "शेड उधर, दीवार के साथ. गाड़ी कम आएगी, कोई बात नहीं. लेकिन मीटिंग नहीं रहेगा. मेरी बिल्डिंग में कुर्सी गोल नहीं लगेगा. खलास?"

एवढा मोठा विषय. समितीचं अस्तित्व संपवायचा. घटनेत त्यासाठी केवढी तरी कलमं होती. काकांनी आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"खलास," ते म्हणाले.

झाड राहिलं. भिंतीलगतच्या शेडमध्ये पहिली जागा शिर्क्यांना मिळाली आणि त्यांनी इमारतभर पेढे वाटले. दोन-चार दिवस आम्ही काकांचं कौतुक करत होतो. मग सगळे आपापल्या कामाला लागले.

शुक्रवार आला. मी उशिरा उठलो. मानसी म्हणाली, "काका सकाळपासून दोनदा खाली जाऊन आले. नुसतेच. त्यांना वर बोलव."

ते आले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोकावर बसले. मी हवेबद्दल बोललो, ते "हो" म्हणाले. मी ऑफिसबद्दल विचारलं, ते "चाललंय" म्हणाले. मग मीही थांबलो. इतकी वर्षं ज्या माणसाच्या घरी तासन्‌तास वाद घातले, त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचेना.

"मला नुसतं बोलता येत नाही हो," काकाच म्हणाले. जमिनीकडे बघत. "विषय ठरलेला असला की जमतं. लहानपणापासून असंच. आमची ही नाशिकला असते. माझ्या आईचं करायला गेली, आई गेल्यावर म्हणाली आता तुम्हीच या. येईन येईन म्हणत राहिलो. रोज फोन होतो. जेवलात का, जेवलो. मग दोघंही गप्प. ती ठेवत नाही, मीही ठेवत नाही. बराच वेळ नुसता तिकडचा पंखा ऐकू येतो."

त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सगळे यायचात, भांडायचात. घर भरल्यासारखं वाटायचं. आता ते बंद झालं म्हणून वाईट वाटतंय असं नाही. मान्य केलंय मीच."

मानसी आत गेली. मेथीची जुडी आणि परात घेऊन आली आणि ती काकांच्या पुढ्यात ठेवली.

"काका, एवढी निवडायला मदत करा."

त्यांनी बाह्या सारल्या. एकेक काडी उचलून ते पानं खुडू लागले. हळू, फार नीट. अर्धी जुडी झाली असेल.

"आमची ही देठं टाकत नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "कोवळी कोवळी बघून ठेवते. लग्न झालं त्या वर्षी मी सगळी टाकली होती, तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हणजे तसं काही भांडण नव्हतं. पण मला वाटलं, आता ही माहेरी जाते की काय..."

मी काहीतरी विचारणार होतो. मानसीने मला नजरेनेच गप्प केलं. काका बोलत होते.