बरोबर की बरोबरी

“माझे लोकरीचे मोजे कुठे गेले?” घड्याळजींच्या बायकोने कपाट उपसता उपसता विचारले.

“खुर्चीला घातलेत,” घड्याळजी म्हणाले.

संसार जुना होता, त्यामुळे ती दचकली नाही. तिने कपाट लावून घेतले, पलंगावर बसली आणि म्हणाली, “सांगा. काय असेल ते एकदाच सांगून टाका.”

“क्लबातल्या खुर्च्या गं. सरकवल्या की फरशीवर कर्रकन आवाज होतो. पायांना मोजे घातले की काही ऐकू येत नाही. तुझे फार छान बसले. माझे जरा ढिले पडतात. खुर्चीला घोटा नसतो ना.”

घड्याळजी म्हणजे चौकातल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक आणि तिथल्याच बुद्धिबळ क्लबाचे चिटणीस. क्लब म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक खोली, पाच टेबले आणि एक पंखा. सगळा घोळ त्या पंख्यापायी झाला होता. गेल्या खेपेला पुलापलीकडच्या क्लबाबरोबर मैत्रीपूर्ण सामना ठेवला होता. पाहुण्यांना पंखा हवा होता, घरच्यांना नको होता. मैत्री बटणापाशी येऊन अडली. तिथे एवढी रेटारेटी झाली की एक टेबल आडवे झाले, खालच्या मजल्यावर छताचा पोपडा एका वाचकाच्या उघड्या पुस्तकात पडला आणि ग्रंथपालबाई जिना चढून वर आल्या.

ग्रंथपालबाई कधी आवाज चढवत नसत. त्यांना तशी गरजच पडत नसे. यंदा घड्याळजी परवानगी मागायला गेले तेव्हा त्या पुस्तकांवर शिक्के मारत म्हणाल्या, “घ्या सामना. पण वरून आवाज आला की खोली गेली. आणि रविवारी खोली रिकामी दिसली तरी गेली. चित्रकलेच्या वर्गाच्या बाई रोज विचारतायत. त्यांची मुलं शांत असतात.”

“आवाज येणार नाही आणि खोलीही रिकामी दिसणार नाही,” घड्याळजी म्हणाले.

“बघू. चालू कार्यक्रमाला आम्ही हात लावत नाही, तो नियमच आहे आमचा. संपला की मग माझं काम सुरू.” आणि त्यांनी पुढचा शिक्का जरा जोरातच मारला.

घड्याळजींना ती खोली काही केल्या जाऊ द्यायची नव्हती. दुकानात दिवसभर माणसे येत, पण ती घड्याळ दाखवायला येत आणि काम झाले की निघून जात. ज्यांच्याशी वाद घालावा, ज्यांच्यावर हसावे, ज्यांची आठवडाभर वाट बघावी, अशी माणसे त्यांना त्या एकाच खोलीत भेटत. हे त्यांनी बायकोला कधी सांगितले नव्हते. तिला ते ठाऊक होते, म्हणून तर मोज्यांचे प्रकरण तिने तिथेच सोडून दिले.

“हा सामना मैत्रीपूर्ण होणार म्हणजे होणार,” ते म्हणाले. “मग त्यासाठी कोणाशी भांडावं लागलं तरी बेहत्तर.”

आणि ते कंबर कसून कामाला लागले. सोंगट्यांच्या बुडांना त्यांनी मखमलीचे तुकडे चिकटवले. दाराच्या बिजागऱ्यांत घड्याळांचे तेल सोडले. पंख्याचे बटण काढून खिशात ठेवले. भिंतीवर नियम लावला: खेळताना तीनच शब्द बोलावेत, तेही कुजबुजून. ‘शह’, ‘बरोबरी’ आणि ‘हरलो’.

हा नियम सगळ्यात जड गेला तो कंडक्टरांना. हे क्लबाचे सगळ्यात जुने खेळाडू. बसच्या मागच्या दारातून पुढच्या ड्रायव्हरपर्यंत आवाज पोचवण्यात सगळी नोकरी गेल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा दोन घरे पलीकडे ऐकू जाई. बिचाऱ्यांनी आपणहून तोंडात रुमाल कोंबून बसायचे कबूल केले.

सामन्याच्या सकाळी क्लबातल्या पोस्टमनचा निरोप आला की कंबर धरली आहे, पलंगावरून उठता येत नाही. झाले, पाचवा खेळाडू गेला. घड्याळजी डोक्याला हात लावून बसले.

“बाबांना न्या की,” बायको म्हणाली.

बाबा म्हणजे घड्याळजींचे सासरे. चार दिवस राहायला म्हणून आले होते आणि घड्याळजींच्या आरामखुर्चीत बसले होते. आल्यापासून तिथेच बसले होते. सोमवारी ते परत जाणार होते आणि घड्याळजी सोमवारकडे डोळे लावून होते.

“बाबा, आमच्याकडून आज खेळाल का?” त्यांनी विचारले.

“बरोबर,” सासरे म्हणाले.

घड्याळजींनी बायकोला बाजूला घेतले. “हे ‘हो’ म्हणाले की ‘नाही’?”

“ते ‘बरोबर’ म्हणाले,” ती म्हणाली. “आमचं सगळं लहानपण त्याच्यावरच गेलं. चपला पुढे ठेवा, म्हणजे येतील.”

सासऱ्यांचे कापडाचे दुकान होते. गिऱ्हाइकाला तोडून बोलायचे नाही, हा त्यांचा पहिला नेम. गिऱ्हाईक म्हणे रंग फार भडक आहे. सासरे म्हणत बरोबर. गिऱ्हाईक म्हणे, पण मला भडकच हवाय. सासरे म्हणत बरोबर. दुकान मुलाच्या हाती गेले, पण शब्द तोंडात राहिला तो राहिलाच. बुद्धिबळही ते दुकानातच शिकले. बायका कापड निवडत तोवर कंटाळलेल्या नवऱ्यांना ते गल्ल्याशेजारी पटावर बसवून घेत. नवरा जिंकला तर उठतो, हरला तर रुसून उठतो, आणि नवरा उठला की गिऱ्हाईक गेले. म्हणून खरेदी होईपर्यंत डाव संपता कामा नये. सासऱ्यांचे बुद्धिबळ ते एवढेच.

दुपारी पुलापलीकडची मंडळी आली. त्यांचे कप्तान दंतवैद्य होते. त्यांच्या क्लबाला स्वतःची खोली नव्हती. ते दवाखान्याच्या बाहेरच्या बाकांवर खेळत आणि आतून कोणी कळवळले की त्यांची चाल चुके. घड्याळजींच्या खोलीकडे बघून दंतवैद्यांनी हळूच सुस्कारा टाकला.

सामना सुरू झाला आणि काय सांगावे, खरोखरच आवाज होईना. खुर्च्या सरकत होत्या पण ऐकू येत नव्हत्या. सोंगट्या मरत होत्या त्याही गुपचूप. कंडक्टर रुमाल चावत चावत जिंकले. घड्याळजींनी आपला डाव हरूनही समोरच्याच्या पाठीवर थाप मारली, आणि तीसुद्धा हलकीच. चार पट संपले तेव्हा दोन डाव यांचे आणि दोन त्यांचे झाले होते. राहिला शेवटचा पट. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला दंतवैद्य. सगळे पायांचा आवाज न करता त्या टेबलाभोवती जमले.

दंतवैद्यांनी बोलण्याच्या नादात नव्हे, न बोलण्याच्या नादात एक हत्ती फुकट घालवला होता. आता काही त्यांच्या हाती उरले नव्हते. त्यांनी कपाळ पुसले, पुढे वाकले आणि आशेने कुजबुजले, “बरोबरी?”

“बरोबर,” सासरे म्हणाले.

दंतवैद्यांनी जन्मभर उघड्या तोंडाच्या माणसांना प्रश्न विचारले होते आणि जो आवाज येईल त्याला होकार समजून दात उपटले होते. त्यांनी तत्काळ पटाशेजारचे घड्याळ थांबवून हात पुढे केला. सासऱ्यांनीही हात दिला. समोरून आलेला हात त्यांनी कधी परत पाठवला नव्हता.

कंडक्टरांनी तोंडातला रुमाल काढला. घड्याळजींनी तो झडप घालून पुन्हा कोंबला आणि कानाशी लागून म्हणाले, “खोली. खोली लक्षात ठेवा.”

मग जे भांडण झाले तसे त्या खोलीने आजवर पाहिले नव्हते. ऐकले तर मुळीच नव्हते, कारण ते सगळे कुजबुजून झाले.

“त्यांनी बरोबरी मान्य केली,” दंतवैद्य कुजबुजले.

“ती त्यांची सवय आहे हो,” घड्याळजी कुजबुजले. “ते भिंतीलाही बरोबर म्हणतात.”

कंडक्टरांनी भिंतीवरच्या नियमावर बोट आपटले. ‘बरोबर’ हा शब्द नियमात कुठे आहे, असे त्यांना म्हणायचे होते. बोटाचा आवाज झाला म्हणून दोघांनी त्यांचे बोट धरून ठेवले.

“त्यांनाच विचारू,” दंतवैद्य म्हणाले.

“विचारा की,” घड्याळजी म्हणाले आणि सासऱ्यांकडे वळले. “बाबा, तुम्ही बरोबरी मान्य केली नाही. हो ना?”

“बरोबर,” सासरे म्हणाले.

“बघा.”

“थांबा,” दंतवैद्य म्हणाले. “बाबा, तुम्ही बरोबरी मान्य केलीत. हो ना?”

“बरोबर.”

“आणि खरं म्हणजे तुम्ही हरलातच?” पाहुण्यांपैकी कोणीतरी संधी साधून विचारले.

“बरोबर.”

“लिहा, हरले म्हणून लिहा,” पाहुणे एका श्वासात कुजबुजले. आता मात्र सगळेच उठले. खुर्च्या मोज्यांवरून सरसर मागे गेल्या. कोणी कोणाचा दंड धरला, कोणी कोणाला ओठांनीच अशा शिव्या दिल्या की त्या वाचणाऱ्याचेही कान लाल झाले. दंतवैद्यांनी कंडक्टरांची कॉलर धरली. कंडक्टरांच्या गळ्याच्या शिरा टरारल्या आणि रुमाल हळूहळू बाहेर येऊ लागला. घड्याळजी एका हाताने रुमाल दाबत होते आणि दुसऱ्या हाताने दंतवैद्यांना ढकलत होते. एवढ्या धुमश्चक्रीत सासरे तेवढे शांत बसून पटाकडे बघत होते.

तेवढ्यात दार उघडले. बिजागऱ्यांना तेल असल्यामुळे ते कोणाला कळलेच नाही.

“इतका वेळ पावलाचासुद्धा आवाज नाही,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “म्हटलं, गेले वाटतं सगळे.”

दंतवैद्य कंडक्टरांची कॉलर नीट करू लागले. घड्याळजी रुमालाने कंडक्टरांचे तोंड पुसू लागले. बाईंच्या मागे चित्रकलेच्या बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात मोजमापाची टेप होती.

आवाज होऊ नये म्हणून घड्याळजींनी जिवाचे रान केले होते, आणि आवाज झाला नाही म्हणूनच खोली चालली होती.

ग्रंथपालबाईंनी उभ्या मंडळींकडे पाहिले, मागे सरकलेल्या खुर्च्यांकडे पाहिले. “सामना संपलेला दिसतोय. म्हणजे खोली मोकळी झाली. या बाईंना भिंतींची मापं घेऊ द्या.”

बाईंची नजर फिरत फिरत खोलीत बसलेल्या एकुलत्या एका माणसावर आली. वयस्कर, भला माणूस. त्या त्यांच्याकडे बघून हसल्या.

“सामना संपला. बरोबर ना, आजोबा?”

घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. कंडक्टरांनी रुमाल आपला आपणच तोंडात घातला.

“नाही,” सासरे म्हणाले.

घड्याळजींनी डोळे उघडले.

“आमचा डाव चालू आहे,” सासरे म्हणाले. “या साहेबांची चाल आहे. विचार करतायत.”

“हो का?” ग्रंथपालबाईंनी दंतवैद्यांना विचारले.

दंतवैद्यांनी पटाकडे पाहिले. हो म्हणावे तर हातातली बरोबरी गेली, आणि हत्तीही नव्हता. नाही म्हणावे तर खोली गेली, आणि पुढच्या खेपेपासून सगळ्यांनीच दवाखान्याच्या बाकावर बसायचे. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितले. मग खुर्ची ओढली, खाली बसले, घड्याळ पुन्हा चालू केले.

“बरोबर,” ते म्हणाले.

“मग चालू द्या,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “डाव संपला की किल्ली माझ्याकडे.” चित्रकलेच्या बाईंनी टेप गुंडाळली आणि दोघी खाली गेल्या. कंडक्टरांनी रुमाल काढून आधी डोळे पुसले.

पट तसाच मांडलेला ठेवून घरी जाताना घड्याळजींना राहवेना. “बाबा, तुम्ही नाही म्हणालात,” ते म्हणाले. “आयुष्यात पहिल्यांदा.”

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “गिऱ्हाईक मालाला नावं ठेवतं, बरोबर म्हणावं. भावाला नावं ठेवतं, बरोबर म्हणावं. पण दुकान बंद करताय ना, असं म्हणालं तर त्यालाही बरोबर म्हणायचं का?”

त्यानंतर दर रविवारी पुलापलीकडची मंडळी येतात. दोन्ही क्लब मिळून चार पटांवर हवे तसे खेळतात, मोजे घातलेल्या खुर्च्यांवर बसून खुसुखुसू हसतात. पाचव्या पटावर तोच डाव चालू आहे. दंतवैद्य अडचणीत आले की सासरे मुद्दाम एखादे प्यादे सोडतात. फार वर आले की अलगद काढून घेतात. ग्रंथपालबाई दाराशी येऊन विचारतात, “संपला का?” आणि सगळी खोली एका कुजबुजीत नाही म्हणते.

त्या पहिल्याच संध्याकाळी बायकोने सगळी हकिगत दोनदा ऐकली. आरामखुर्चीत बाबांचा डोळा लागला होता. तिने त्यांच्या अंगावर चादर घातली. तिचा चेहरा असा फुलला होता की मोज्यांचीही तिला आठवण राहिली नव्हती.

“म्हणजे सोमवारचं जाणं रद्दच म्हणायचं,” ती म्हणाली. “डाव संपेपर्यंत बाबा इथेच राहणार.”

घड्याळजींनी आरामखुर्चीकडे पाहिले. मग खोलीची किल्ली खिशात चाचपली, स्टूल ओढून त्यावर बसले आणि म्हणाले, “बरोबर.”