पेट्रोलचं फडकं

"बाळाला घेऊन येते, पण घरात एक जरी सिगरेट पेटली तर दारातूनच परत फिरेन," लेकीनं फोनवर ठणकावलं. पेट्रोल पंपवाल्याच्या ओठांतली सिगरेट तशीच खाली पडली. नात तीन महिन्यांची झाली होती आणि आजोबांनी तिला अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

"उद्यापासून सोडतो," तो म्हणाला.

"हे मी लग्नापासून ऐकतेय," बायको म्हणाली. "पंपावर आठ तास कसे काढता हो?"

"तिथं पेट्रोलचा वास असतो गं. हात खिशाकडे जातच नाही."

बायकोनं दारातल्या स्कूटरकडे नजर टाकली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन त्यानं सिगरेट ओठांत धरली, काडी काढली आणि तो जागच्या जागी थिजला. घरभर पेट्रोलचा वास! बायकोनं त्याच्याच स्कूटरच्या टाकीत फडकं बुडवून खुर्चीवर टांगलं होतं. त्यानं काडी निमूट पेटीत ठेवली.

"टाकी फुल करू?" सवयीनं त्याच्या तोंडून निघालं.

उपाय अक्सीर ठरला. फक्त गॅसही पेटवता येईना. चार दिवस दोघं केळी-काकड्यांवर राहिली. रोज संध्याकाळी बायको फडकं नव्यानं भिजवायची, जरा जास्तच वेळ.

पाचव्या दिवशी लेक आली. उंबऱ्यातच तिनं श्वास घेतला. "सिगरेटचा वास नाही!" तिचे डोळे भरून आले. मग तिनं पुन्हा एकदा श्वास घेतला. "आई, हे काय?"

आईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. लेक बाळासकट तीन पायऱ्या खाली उतरली.

"अगं, बाबा निदान हळूहळू मारत होते! तू तर एका ठिणगीत सगळ्यांना उडवशील!"

फडकं मागच्या अंगणात तारेवर गेलं. खिडक्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत वास गेला आणि पंपवाल्याचा हात खिशाकडे निघाला. लेकीनं ते पाहिलं. तिनं बाळ त्याच्या हातांत दिलं. आता दोन्ही हात अडकले.

"ड्यूटी किती वेळ?" त्यानं हळूच विचारलं.

"ती झोपेपर्यंत."

नातीला आजीकडे न्यावं म्हणून तो मागच्या दारी गेला आणि उंबऱ्यातच खिळला. बायको तारेवरच्या फडक्यात नाक खुपसून, डोळे मिटून उभी होती.

"तू?"

ती केवढ्यानं तरी दचकली. फडकं पाठीमागे लपवत म्हणाली, "अहो, लेकीला सांगू नका हं. उद्यापासून सोडते."